संकेतस्थळाचे नाव : नोंदणी, मुदत आणि रक्षण

संशोधनपर लेखनात तळटीपेला विश्वासाचे स्थान आहे. लेखकाने केलेले विधान वाचकाला पडताळून पाहता यावे, मूळ आधारापर्यंत त्याला स्वतः जाता यावे, यासाठी तळटीप असते. छापील ग्रंथांच्या बाबतीत हा मार्ग सहसा खुंटत नाही. एका ग्रंथालयात ग्रंथ न मिळाल्यास तो दुसऱ्यात मिळतो. परंतु गेल्या तीन दशकांत आपल्या तळटीपांतून संकेतस्थळांचे पत्ते मोठ्या प्रमाणावर येऊ लागले आहेत, आणि या पत्त्यांचा टिकाऊपणा ज्या गोष्टीवर अवलंबून असतो तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. ती गोष्ट म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची, अर्थात डोमेन नावाची, नोंदणी.

या दुर्लक्षाचा परिणाम काय होऊ शकतो याचे बोलके उदाहरण २०१५ साली घडले. शोधनिबंधाला कायमचा ओळखक्रमांक देणारी डीओआय ही पद्धती आपल्या परिचयाची आहे. प्रकाशकाने आपले संकेतस्थळ बदलले तरी निबंधाचा क्रमांक बदलू नये आणि त्या क्रमांकावरून वाचक निबंधापर्यंत पोहोचावा, हा तिचा हेतू. हे क्रमांक ‘डीओआय डॉट ऑर्ग’ या डोमेनमार्फत उलगडतात. जानेवारी २०१५ मध्ये या डोमेनचे नूतनीकरण वेळेवर झाले नाही आणि सुमारे दोन दिवस जगभरातील डीओआय दुव्यांचा मोठा भाग अधूनमधून निकामी होत राहिला. निबंध जागच्या जागी होते, क्रमांकही बरोबर होते. केवळ एका नावाची मुदत उलटून गेली होती. चिरस्थायित्वासाठीच उभारलेल्या व्यवस्थेला एका किरकोळ कारकुनी कामाने असा धक्का दिला.

डोमेन नाव हा मुदतीने मिळालेला ताबा आहे, आणि तो टिकविण्यासाठी तांत्रिक कौशल्यापेक्षा संस्थेच्या नित्य दक्षतेची अधिक गरज असते, हे दाखवावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. नाव आणि क्रमांक

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्र क्रमांकाने ओळखले जाते. माणसाला मात्र क्रमांकापेक्षा नाव लक्षात ठेवणे सोपे जाते. म्हणून प्रारंभीच्या काळात, जेव्हा जोडलेली यंत्रे शेकड्यांनी मोजता येत होती, तेव्हा नावे व क्रमांक यांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई. एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखालील गट ती सांभाळी आणि इतर केंद्रे तिची प्रत वेळोवेळी उतरवून घेत. यंत्रांची संख्या वाढू लागली तशी ही पद्धत अपुरी पडली. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी तिच्या जागी डोमेन नाम पद्धती, म्हणजे डीएनएस, मांडली. एका यादीऐवजी वाटून दिलेला अधिकार हे तिचे मुख्य तत्त्व होय.

ही पद्धती समजण्यासाठी नाव उजवीकडून डावीकडे वाचावे लागते. सर्वांत उजवीकडे ‘कॉम’, ‘ऑर्ग’, ‘इन’ यांसारखा अखेरचा भाग असतो. त्याच्या डावीकडचा भाग कोणाकडे सोपविला आहे हे त्या अखेरच्या भागाची नोंदवही सांगते; आणि ज्याच्याकडे तो सोपविला आहे तो आपल्या हद्दीतील पुढील नावांची व्यवस्था स्वतः पाहतो. टपालाच्या पत्त्यात राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव असा क्रम असावा तसेच हे आहे. वरच्या पातळीवरची एक नोंद बदलली की तिच्याखालचे सर्व पत्ते दुसरीकडे वळतात. या पद्धतीची सोय आणि तिच्यातील धोका ही दोन्ही याच एका गुणधर्मातून निर्माण होतात.

२. नोंद कोणाच्या हाती?

‘कॉम’मध्ये अखेर होणारे पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. ते ‘सिम्बॉलिक्स’ या संगणक बनविणाऱ्या अमेरिकन कंपनीचे होते. त्या काळी नोंदणीला शुल्क नव्हते. १९९५ च्या सप्टेंबरात दोन वर्षांना १०० डॉलर असे शुल्क सुरू झाले, आणि तेव्हापासून नाव न गमावण्याची जबाबदारी खऱ्या अर्थाने धारकावर आली.

१९९८ साली आयकॅन ही समन्वय करणारी संस्था स्थापन झाली. तिच्या व्यवस्थेत तीन पक्ष असतात. मूळ नोंदवही सांभाळणारी ती रजिस्ट्री. लोकांकडून अर्ज व शुल्क घेऊन त्या नोंदवहीत नोंद करणारा तो रजिस्ट्रार. आणि ज्याच्या नावाने नोंद होते तो धारक. येथील रजिस्ट्रार म्हणजे विद्यापीठाचे कुलसचिव नव्हेत, हे नव्या वाचकासाठी सांगून ठेवणे बरे. ‘कॉम’ची रजिस्ट्री व्हेरिसाइन ही कंपनी आहे. भारताच्या ‘इन’ या नावाची नोंदवही २००५ पासून नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, ही संस्था पाहते. त्याच्या अंतर्गत ‘एसी डॉट इन’, ‘ईडीयू डॉट इन’ आणि ‘आरईएस डॉट इन’ ही नावे पात्र शैक्षणिक व संशोधन संस्थांना अर्नेट इंडियामार्फत दिली जातात. देवनागरीतील ‘डॉट भारत’ हे अखेरचे नाव २०१४ साली खुले झाले. त्यामुळे मराठी संस्थेला आपले नाव आपल्या लिपीत नोंदविता येते; मात्र ती नोंद वेगळी असून तिच्या मुदतीकडे वेगळे लक्ष द्यावे लागते.

या रचनेत धारकाचे स्थान भाडेपट्टेदारासारखे असते. ‘कॉम’ किंवा ‘ऑर्ग’ नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदविता येते. मुदतीत नूतनीकरण करीत राहिल्यास ताबा पिढ्यान्‌पिढ्या चालू शकेल. परंतु एकदाच पैसे भरून कायमचा हक्क मिळविण्याची सोय तेथे नाही. सातबाऱ्यावरचे नाव आपोआप पुसले जात नाही. डोमेनच्या नोंदवहीतले नाव मात्र काही न केल्यास पुसले जाते, हा भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

३. मुदत संपल्यानंतर

मुदत संपली म्हणजे त्याच क्षणी नाव दुसऱ्याला मिळते असे नाही. आयकॅनच्या नियमांप्रमाणे रजिस्ट्रारने मुदतीच्या सुमारे एक महिना आधी व सुमारे एक आठवडा आधी धारकाला सूचना पाठविली पाहिजे, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक. त्यानंतरही जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत रजिस्ट्रार देऊ शकतो. ही सवलत किती दिवसांची हे रजिस्ट्रारच्या अटींवर ठरते, आणि अनेक रजिस्ट्रार याच काळात ते नाव लिलावालाही काढतात. नोंद काढून टाकली गेल्यास ‘कॉम’सारख्या नावांच्या बाबतीत ३० दिवसांचा विमोचनकाळ मिळतो. या काळात मूळ धारक, नेहमीच्या शुल्काहून बरीच मोठी रक्कम भरून, नाव परत घेऊ शकतो. त्यापुढचे पाच दिवस नाव कोणालाच मिळत नाही. आणि मग ते सर्वांना खुले होते.

इतक्या सूचना व इतक्या सवलती असूनही नावे का जातात? सूचना ज्या ई-मेल पत्त्यावर जातात तो पत्ता वाचणारे कोणी उरलेले नसते, हे त्याचे सर्वसाधारण कारण होय. नोंदणी करणारा कर्मचारी निवृत्त झालेला असतो. ज्याच्या पतपत्राने शुल्क भरले त्याचे पतपत्र रद्द झालेले असते. किंवा सूचनेचा पत्ता त्याच डोमेनवरचा असल्यामुळे, डोमेन बंद पडताच सूचनेची वाटही बंद होते. मोठ्या संस्थाही याला अपवाद नाहीत. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टच्या ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचे नूतनीकरण राहून गेले आणि हॉटमेलच्या असंख्य ग्राहकांना आपली पत्रे उघडता येईनात. अखेर एका त्रयस्थ प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले, तेव्हा मार्ग मोकळा झाला. त्या कंपनीपाशी द्रव्याची किंवा तज्ज्ञांची वाण नव्हती. ते काम नेमके कोणाचे, एवढेच ठरलेले नव्हते असे दिसते.

४. नव्या धारकाला काय मिळते?

नाव गेले म्हणजे संकेतस्थळ दिसेनासे झाले, इतकाच अर्थ बहुतेक लोक घेतात. वस्तुस्थिती अधिक गंभीर आहे. जुन्या नावावर लोकांनी जो विश्वास ठेवलेला असतो तो सर्व नव्या धारकाच्या हाती जातो.

पहिली गोष्ट तळटीपांची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ब्राउन विरुद्ध एंटरटेनमेंट मर्चंट्स असोसिएशन या खटल्याचा निकाल दिला. त्यातील न्यायमूर्ती अलिटो यांच्या मतपत्रात एका संकेतस्थळाचा पत्ता आधार म्हणून दिला होता. पुढे ते नाव सुटले आणि कोणी अज्ञाताने ते घेऊन त्यावर एक उपरोधिक सूचना लावली : न्यायमूर्तींनी उल्लेखिलेला मूळ मजकूर नाहीसा झाला असून, अशा उल्लेखांची क्षणभंगुरता दाखविण्यासाठीच हे नाव विकत घेतले आहे, असा तिचा आशय होता. येथे घेणारा विनोदी वृत्तीचा होता. सुटलेल्या नावांवर जुगाराच्या जाहिराती किंवा फसवी पाने आढळणे हेच अधिक नेहमीचे आहे. आणि जुन्या निबंधातली तळटीप वाचकाला निमूटपणे तेथे पोहोचविते.

दुसरी गोष्ट पत्रव्यवहाराची. डोमेनचा नवा धारक त्या नावावर येणारी सर्व ई-मेल घेऊ शकतो. जुन्या सहकाऱ्यांनी त्या पत्त्यावर इतर सेवांची खाती उघडली असतील, तर ‘पासवर्ड विसरलो’ एवढे कळवून त्या खात्यांच्या किल्ल्या त्याला मिळविता येतात.

तिसरी गोष्ट यंत्रांची. माणसे जुना पत्ता विसरतात. यंत्रे विसरत नाहीत. ‘मोबी’ या अखेरच्या नावाच्या रजिस्ट्रीने आपल्या माहिती-सेवेचा पत्ता बदलला आणि जुने डोमेन सोडून दिले. २०२४ साली काही सुरक्षा-संशोधकांनी ते सुमारे २० डॉलरना विकत घेतले. तेव्हा त्यांना आढळले की एक लाखाहून अधिक यंत्रे अद्याप त्या जुन्या पत्त्यावरच विचारणा करीत होती, आणि त्यांत संकेतस्थळांना ओळखपत्रे देणाऱ्या संस्थांचीही यंत्रे होती. वाईट हेतूच्या माणसाच्या हाती हेच नाव पडले असते, तर ‘मोबी’तील इतरांच्या नावांची खोटी ओळखपत्रे मिळविणे त्याला शक्य झाले असते.

५. मुदतीत असलेल्या नावाची चोरी

नाव मुदतीत असूनही ते हिरावले जाऊ शकते. याचा सर्वांत गाजलेला दाखला १९९५ चा. गॅरी क्रेमेन यांनी १९९४ साली नोंदविलेले एक अत्यंत मोलाचे नाव स्टीफन कोहेन याने नेटवर्क सोल्यूशन्स या नोंदणी-कंपनीला एक बनावट पत्र पाठवून आपल्याकडे वळवून घेतले. पत्राची शहानिशा झाली नाही. क्रेमेन यांना नाव परत मिळण्यास २००० साल उजाडावे लागले.

पुढील काळात पत्राची जागा पासवर्डने घेतली, पण युक्ती तीच राहिली. जानेवारी २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या जुन्या इंटरनेट-सेवा कंपनीचे डोमेन शनिवार-रविवारच्या सुट्टीत तिच्या संमतीवाचून दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलविले गेले, आणि ग्राहकांची पत्रे भलत्याच ठिकाणी जाऊ लागली. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावर असाच प्रसंग आला. वृत्तपत्राच्या यंत्रांना कोणी हात लावला नव्हता. त्याच्या रजिस्ट्रारच्या एका विक्रेत्याचा पासवर्ड हल्लेखोरांनी फसव्या ई-मेलने मिळविला होता. २०२१ च्या जानेवारीत पर्ल या संगणकभाषेचे ‘पर्ल डॉट कॉम’ हे नाव चोरीस गेले आणि काही दिवसांनी परत मिळाले.

या घटनांतून रक्षणाचे उपाय स्पष्ट होतात. पहिला उपाय रजिस्ट्रारकडील खात्याचा. त्याला स्वतंत्र पासवर्ड असावा आणि पासवर्डखेरीज दुसरा पुरावा मागणारी पद्धत चालू असावी. दुसरा उपाय कुलुपाचा. रजिस्ट्रारकडे लावता येणारे हस्तांतरबंदीचे साधे कुलूप बहुधा विनामूल्य असते, पण खातेच चोरीस गेले तर चोर ते उघडू शकतो. म्हणून महत्त्वाच्या नावांसाठी रजिस्ट्रीच्या पातळीवरचे दुसरे कुलूप असते. ते लावले म्हणजे ठरलेल्या व्यक्तींची वेगळ्या मार्गाने खातरजमा केल्याशिवाय नोंदीत फेरफार होत नाही. २०१३ च्या हल्ल्यात लक्ष्य केलेल्या नावांपैकी ज्यांना असे कुलूप होते ती वाचली, असे त्या रजिस्ट्रारने स्वतःच कळविले होते.

तिसरा उपाय उत्तराच्या खरेपणाचा. डीएनएसच्या मूळ रचनेत मिळालेले उत्तर अस्सल की बनावट हे ओळखण्याची सोय नव्हती. डीएनएससेक या जोडपद्धतीने उत्तरावर गणिती स्वाक्षरी करता येते. पद्धतीच्या सर्वोच्च पातळीवर ही स्वाक्षरी जुलै २०१० पासून लागू आहे. मात्र ही स्वाक्षरी वाटेतल्या भेसळीपासून वाचविते. खातेच ज्याच्या हाती गेले त्याच्यापासून वाचवीत नाही. चौथा उपाय नियमित तपासणीचा. जानेवारी २०१९ मध्ये डीएनएस नोंदींवरील हल्ल्यांची मालिका उघड झाल्यावर अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा-यंत्रणेने केंद्रीय कार्यालयांना तातडीचा आदेश दिला. नोंदी तपासा, पासवर्ड बदला, दुहेरी पुरावा लागू करा आणि आपल्या नावाने कोणती नवी ओळखपत्रे दिली जात आहेत यावर लक्ष ठेवा, अशी ती चार कामे होती. यांतले एकही काम कोणत्याही विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरचे नाही.

६. कायद्याचा आधार आणि त्याची मर्यादा

डोमेन नावाला कायद्याचे संरक्षण नाही असा समज असल्यास तो बरोबर नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली रेडिफच्या खटल्यात, त्या नावाशी जवळजवळ सारखे असलेले दुसरे डोमेन वापरण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यात डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असा निर्णय दिला. क्रेमेन यांच्या खटल्यात अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने २००३ साली डोमेन नाव ही एक प्रकारची मालमत्ताच आहे, असे मान्य केले. ‘इन’ नावांच्या तंट्यांसाठी निक्सीची लवादपद्धतीही आहे.

पण या संरक्षणाचा रोख दुसऱ्याच्या नावाचे अनुकरण किंवा अपहरण करणाऱ्यावर आहे. आपल्याच विस्मरणाने सुटलेले नाव ज्याने उघडपणे विकत घेतले, त्याच्याविरुद्ध उभे राहण्यासाठी त्या नावावरील आपला आधीचा हक्क आणि समोरच्याचा दुष्ट हेतू ही दोन्ही सिद्ध करावी लागतात. प्रसिद्ध व्यापारी संस्थेला ते जमेल. बोलीभाषांच्या पाहणीचा किंवा हस्तलिखितांच्या सूचीचा एखादा प्रकल्प, ज्याचे चिन्ह कोठे नोंदलेले नाही आणि ज्याच्याकडे वकिलासाठी तरतूद नाही, त्याला ते कसे जमावे? ज्ञानक्षेत्रातील संस्थांना दक्षता हेच मुख्य संरक्षण आहे.

७. विद्यापीठांपुढील काम

आपल्याकडील संशोधन-प्रकल्पांची रीत पाहिली तर धोका कोठे आहे ते समजते. प्रकल्पाला तीन वर्षांचे अनुदान मिळते. त्यातून एक स्वतंत्र डोमेन घेतले जाते. नोंदणी प्रकल्प-साहाय्यकाच्या खासगी ई-मेलवर होते. अनुदान संपते, साहाय्यक दुसरीकडे नोकरीस लागतो, आणि नावाची मुदत मात्र पंचांगाप्रमाणे आपल्या वेळी संपते. प्रकल्पाचे फलित ग्रंथरूपाने छापले असते तर ते ग्रंथालयात उरले असते.

याला पहिला व सर्वांत सोपा उपाय म्हणजे शक्य तेथे स्वतंत्र नाव न घेणे. विद्यापीठाच्या ‘एसी डॉट इन’ नावाखालचे उपनाव प्रकल्पाला द्यावे. त्याची वेगळी मुदत नसते. आणि या शाखेतील नावे पात्र संस्थांनाच मिळत असल्याने ती बाजारात कोणाच्याही हाती पडण्याची भीती कमी असते. या तत्त्वाचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण बँकांचे आहे. रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली नेण्यास सांगितले, आणि त्या नावाची नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे ठेवली. नावाच्या शेवटच्या भागावरून ग्राहकाला खरी बँक ओळखता यावी, हा त्यातील हेतू. उपनावांच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र हवी : बाहेरच्या क्लाऊड सेवेकडे वळविलेले उपनाव, ती सेवा बंद करताना, डीएनएसमधूनही काढून टाकावे. तसे न केल्यास ती मोकळी जागा दुसरा कोणी बळकावून विद्यापीठाच्या नावाखाली आपला मजकूर लावू शकतो.

स्वतंत्र नाव घ्यावेच लागल्यास धारक म्हणून संस्थेचे नाव असावे, व्यक्तीचे नसावे. संपर्काचा ई-मेल पदाचा असावा, तो किमान दोघांनी वाचावा आणि त्याच डोमेनवर अवलंबून नसावा. हा पत्ता खरा व चालू ठेवणे नियमानेही आवश्यक आहे; नव्या नोंदणीनंतर पत्त्याची खातरजमा पंधरा दिवसांत न झाल्यास रजिस्ट्रार नाव स्थगित करू शकतो. मुदत शक्य तितकी लांब घ्यावी, आपोआप नूतनीकरणाची सोय चालू ठेवावी, पण तिच्यावर विसंबू नये. नूतनीकरणाच्या नावाने येणाऱ्या प्रत्येक पत्रावर पैसे भरू नयेत. भलत्याच कंपन्या अशी देयके पाठवीत असतात. आपला रजिस्ट्रार कोण आणि मुदत केव्हाची, हे नोंदवहीत पाहूनच शुल्क भरावे.

या सर्वांची एक वही असावी : नाव, रजिस्ट्रार, मुदतीची तारीख, जबाबदार पद, लावलेली कुलुपे. जडवस्तु-संग्रहाची नोंद दरवर्षी तपासली जाते, तशीच ही वही तपासली जावी, आणि अधिकारी बदलताना कार्यभाराच्या यादीत तिचा समावेश व्हावा. प्रकल्प संपवायचाच असेल तर नाव सोडण्याआधी मजकूर विद्यापीठाच्या संग्रहात हलवावा, जुन्या नावावर काही वर्षे नव्या पत्त्याची सूचना ठेवावी, आणि त्या नावाच्या ई-मेलवर उघडलेली खाती बंद करावी. संशोधकाने स्वतःही तळटीपेत केवळ पत्ता न देता पाहिल्याची तारीख व जतन केलेल्या प्रतीचा दुवा द्यावा, म्हणजे नाव गेले तरी आधार जाणार नाही.

ग्रंथालयाच्या इमारतीला गळती लागली तर ती कोणाला तरी दिसते आणि तक्रार होते. डोमेन नावाची मुदत कोणाच्याही डोळ्यांना न दिसता संपते. म्हणून ती पाहण्याचे काम कोणाचे, हे प्रत्येक विभागाने लेखी ठरविले पाहिजे. वर्षातून एका दुपारी होणारे हे काम आहे. आणि ते न केल्यास त्याची किंमत ज्यांना मोजावी लागते ते वाचक पुष्कळदा अद्याप विद्यार्थीही झालेले नसतात.